प्रत्येक वेळी ‘प्रयत्न १’: सेटजम्प, रजिस्टर आणि ऑप्टिमायझेशनचे एक प्रकरण

सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम. खराब फाईल तो तीनदा वाचून बघतो आणि तिन्ही वेळा फसला की -१ देऊन बाहेर पडतो. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, म्हणजे -ओ० लावून बांधला तर हे सगळे ठरल्याप्रमाणे होते. तोच सोर्स, एक अक्षरही न बदलता, क्लँग या कंपायलरने ऑप्टिमायझेशन चालू ठेवून, म्हणजे -ओ२ लावून बांधला की पडद्यावर ‘प्रयत्न १’, ‘प्रयत्न १’, ‘प्रयत्न १’ अशी रांग लागते आणि कंट्रोल-सी दाबेपर्यंत थांबत नाही. मोजणी एकाच्या पुढे सरकतच नाही.

अशा वेळी पहिला संशय कंपायलरवर जातो. ‘ऑप्टिमायझरमध्ये बग आहे, -ओ० वर ठेवा’ असे म्हणून प्रकरण मिटवलेही जाते. पण इथे कंपायलरची चूक नाही. सी भाषेच्या प्रमाणाने, म्हणजे अधिकृत नियमावलीने, त्याला जेवढी मोकळीक दिली आहे तेवढीच त्याने घेतली आहे. ती मोकळीक नेमकी कुठे आहे आणि रजिस्टरांचा (प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या जलद जागांचा) तिच्याशी काय संबंध आहे, हे एकदा मशीन कोडपर्यंत उतरून पाहिले की अशा चुका सोर्स वाचतानाच दिसू लागतात.

प्रोग्राम

सोयीसाठी सांगाडा मराठीत मांडला आहे. सेटजम्प (परतीची जागा नोंदवणारे), लाँगजम्प (तिथे उडी मारणारे), मॅलॉक (मेमरी मागणारे), फ्री (ती परत करणारे) ही नेहमीचीच लायब्ररी फंक्शन्स. ‘खूण’ हे सेटजम्पची नोंद ठेवणाऱ्या जम्प-बफ प्रकाराचे ग्लोबल व्हेरिएबल, ‘प्रयत्न’ हे फंक्शनातले साधे इंट आणि ‘नाव’ हा फंक्शनला मिळालेला पॉइंटर.

भरणा(नाव):
१. प्रयत्न = ०
२. जर सेटजम्प(खूण) शून्य नसेल तर
३.     प्रयत्न++
४.     छाप ‘प्रयत्न’, प्रयत्न
५.     जर प्रयत्न >= ३ तर -१ परत कर
६. फाईल_वाच(नाव)
७. ० परत कर

‘फाईल_वाच’ दुसऱ्या सोर्स फाईलमध्ये आहे. हेडर चुकीचा निघाला की ते लाँगजम्प(खूण, १) करते. सेटजम्प पहिल्यांदा शून्य देऊन परतते. लाँगजम्प झाले की तेच सेटजम्प दुसऱ्यांदा परतते, या वेळी १ देऊन, आणि अंमलबजावणी ओळ ३ वर येते. प्रोग्रामरच्या मनातले चित्र सरळ आहे: प्रत्येक फसलेल्या वाचनानंतर ओळ ३, मोजणी एकाने वर, तिसऱ्या वेळी बाहेर.

-ओ० वर हे का चालते

ऑप्टिमायझेशन नसताना ‘प्रयत्न’ला स्टॅकवर स्वतःची चार बाइटची जागा मिळते, समजा आरबीपी या रजिस्टरातल्या पत्त्यापासून काही बाइट खाली. ओळ ३ म्हणजे त्या जागेतून किंमत वाचा, एक मिळवा, त्याच जागी परत लिहा. लाँगजम्प रजिस्टरे मागे नेते, स्टॅक पॉइंटर मागे नेते, पण स्टॅकवरच्या मजकुराला हात लावत नाही. भरणा हे फंक्शन अजून संपलेले नसल्यामुळे त्याची फ्रेम (स्टॅकवरचा त्याचा भाग) जागेवर असते आणि तिच्यात शेवटची लिहिलेली किंमत शाबूत असते. म्हणून १, २, ३ आणि मग -१.

हे चालते ते केवळ जागेच्या योगायोगाने. भाषेने तशी हमी दिलेली नाही.

जम्प-बफमध्ये काय असते

लिनक्सवर, एक्स८६-६४ प्रोसेसरवर, जीलिबसी या सी लायब्ररीचे सेटजम्प आठ-आठ बाइटचे आठ शब्द साठवते: आरबीएक्स, आरबीपी, आर१२, आर१३, आर१४, आर१५, स्टॅक पॉइंटर आरएसपी आणि परतीचा पत्ता. याच क्रमाने, एकूण ६४ बाइट. जम्प-बफचा पूर्ण आकार मात्र २०० बाइट भरतो, कारण त्यात सिग्नल मास्कसाठी (कोणते सिग्नल अडवले आहेत त्या नोंदीसाठी) १२८ बाइट आणि मास्क साठवला की नाही हे सांगणारा एक इंट (पॅडिंग धरून ८ बाइट) असतो. आरबीपी, आरएसपी आणि परतीचा पत्ता हे तीन शब्द जीलिबसी एका गुप्त किमतीशी एक्सॉर करून आणि फिरवून ठेवते, म्हणजे कोणी बफर ओव्हरफ्लो करून उडीचा पत्ता सहज बदलू नये. उरलेली पाच रजिस्टरे उघड्या स्वरूपात असतात.

हीच रजिस्टरे का? या प्लॅटफॉर्मच्या एबीआयनुसार, म्हणजे फंक्शनांनी एकमेकांना बोलावण्याच्या करारानुसार, आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही सहा रजिस्टरे बोलावलेल्या फंक्शनाने जशीच्या तशी परत द्यायची असतात. बाकीची, म्हणजे आरएएक्स, आरसीएक्स, आरडीएक्स, आरएसआय, आरडीआय, आर८ ते आर११, कोणत्याही कॉलमध्ये बिघडू शकतात, त्यामुळे ती साठवून उपयोग नाही. सेटजम्प दिसायला साधा फंक्शन कॉल असल्यामुळे त्याने दुसऱ्यांदा परतताना या सहा रजिस्टरांचा करार पाळावा लागतो. तो ती रजिस्टरे *सेटजम्प बोलावले त्या क्षणी होती तशी* परत ठेवतो. लाँगजम्पच्या क्षणी त्यांत काय होते ते पुसले जाते.

एआरएमच्या ६४ बिट प्रोसेसरवर हाच करार एक्स१९ ते एक्स२९, स्टॅक पॉइंटर आणि डी८ ते डी१५ या फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांना लागू होतो. नावे वेगळी, तत्त्व तेच. तिथे करारातली रजिस्टरे जास्त आहेत, म्हणून व्हेरिएबल रजिस्टरात पडण्याची शक्यताही जास्त.

यावरून एक साधा नियम निघतो. व्हेरिएबल रजिस्टरात असेल तर लाँगजम्पनंतर त्याची जुनी किंमत येते आणि मेमरीत असेल तर शेवटची. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या मॅन्युअलमध्येही हेच सांगितले आहे. त्यात पुढे हेही कबूल केले आहे की जीसीसी कोणी न सांगता व्हेरिएबल रजिस्टरात टाकू शकतो, आणि म्हणून प्रमाणात आहे त्यापलीकडे तो काही हमी देत नाही.

-ओ२ वर प्रत्यक्षात काय उरते

इथे गोष्ट रजिस्टराच्याही एक पाऊल पुढे जाते. क्लँगने -ओ२ वर बांधलेल्या भरणा फंक्शनाचे असेंब्ली (ऑब्जडम्प -डी या साधनाने मशीन कोड उलगडून) पाहिले तर त्याचा सांगाडा असा असतो (ईएएक्स, ईएसआय म्हणजे आरएएक्स, आरएसआयचे खालचे अर्धे भाग):

आरबीएक्स स्टॅकवर ढकल
आरबीएक्स = आरडीआय (म्हणजे ‘नाव’)
आरडीआय = खूणचा पत्ता
_सेटजम्प बोलाव
ईएएक्स शून्य असेल तर खाली ‘वाचन’ला जा
आरडीआय = छापायच्या मजकुराचा पत्ता
ईएसआय = १
प्रिंटएफ बोलाव
वाचन: आरडीआय = आरबीएक्स
फाईल_वाच बोलाव
ईएएक्स = ०
आरबीएक्स परत काढ, परत जा

सातवी ओळ पाहा: ईएसआय = १. छापायची किंमत मोजली जात नाही, ती कोडमध्ये कोरलेली आहे. ‘प्रयत्न’ नावाचे व्हेरिएबल कुठेच नाही, रजिस्टरातही नाही आणि स्टॅकवरही नाही. तीनशी तुलना नाही, -१ परत करणेही नाही. ओळ ५ पूर्ण गेली आहे. ‘प्रयत्न १’ची न संपणारी रांग याच एका स्थिरांकातून येते.

कंपायलर इथवर कसा पोहोचतो? ऑप्टिमायझर प्रत्येक नेमणुकीला (व्हेरिएबलला किंमत देण्याला) नवे नाव देऊन काम करतो. ओळ १ मधला ‘प्रयत्न’ हा पहिला, त्याची किंमत ०. ओळ ३ मधला दुसरा, म्हणजे पहिला अधिक १. आता ओळ ३ वर कुठून येता येते, हे तो प्रवाहाच्या नकाशावर बघतो. फक्त ओळ २ वरून. आणि ओळ २ वर? फक्त ओळ १ वरून. ओळ ६ पासून ओळ २ कडे जाणारा बाण त्या नकाशावर नसतो, कारण सोर्समध्ये लूप नाही. फाईल_वाचच्या आत लाँगजम्प आहे हे दुसऱ्या फाईलमध्ये दडलेले आहे. मग हिशेब सोपा होतो: पहिला ०, दुसरा १, १ >= ३ खोटे, म्हणून ओळ ५ कधीच चालणार नाही, ती काढा. प्रत्येक पायरी निर्दोष आहे.

याच असेंब्लीत आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ‘नाव’ हा पॉइंटर आरबीएक्समध्ये आहे. लाँगजम्पनंतर आरबीएक्स जुना होतो, पण ‘नाव’ मधल्या काळात बदललेलेच नाही, त्यामुळे जुनी किंमत हीच बरोबर किंमत. जीडीबी या डीबगरात सेटजम्पनंतर थांबून खूणचे पहिले आठ शब्द हेक्समध्ये छापले (एक्स/८जीएक्स) तर पहिल्याच शब्दात फाईलच्या नावाचा पत्ता उघडा दिसतो. रजिस्टरे मागे नेण्याची हीच क्रिया न बदललेल्या व्हेरिएबलला वाचवते आणि बदललेल्याला बुडवते.

किंमत आधी ठाऊक नसेल तर

सुरुवातीची किंमत स्थिरांक असल्यामुळेच हे झाले, अशी शंका येईल. म्हणून प्रोग्राम थोडा बदलून पाहू: किती वेळा वाचायचे ते ‘कमाल’ या पॅरामीटरने आत येते, ओळ १ म्हणजे उरले = कमाल, ओळ ३ म्हणजे उरले--, आणि ओळ ५ म्हणजे उरले शून्य असेल तर बाहेर.

आता कंपायलरला किंमत आधी ठाऊक नाही. तो ‘कमाल’ सेटजम्पच्या पलीकडेही लागेल असे बघून ती आरबीएक्स किंवा आर१४ सारख्या रजिस्टरात ठेवतो, किंवा जागा नसेल तर स्टॅकवर एकदा उतरवतो. वजाबाकीचा निकाल मात्र नवे नाव आहे. तो छापण्यापुरता आणि तुलनेपुरता लागतो, नंतर कोणी वाचत नाही, म्हणून मूळ जागी परत लिहायची गरज नाही. बऱ्याचदा ‘उरले - १ हे ० आहे का’ याचे ‘उरले हे १ आहे का’ असे सरळ रूपांतर होते आणि वजाबाकीही जाते. कमाल ३ दिली तर पडद्यावर प्रत्येक वेळी २ उमटते. कमाल १ दिली तर प्रोग्राम नीट थांबतो. चाचणीत नेमकी १ हीच किंमत वापरली असेल तर चूक हाती लागणारच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट ठेवायला हवी. ‘उरले’ स्टॅकवर असले तरी ते वाचले नाही, कारण स्टॅकवर जुनी किंमत उतरवली होती आणि नवी परत लिहिलीच नाही. म्हणून ‘मेमरीत असेल तर शेवटची’ हा नियम -ओ० पुरताच भरवशाचा. ऑप्टिमायझेशन चालू झाले की ‘व्हेरिएबल कुठे आहे’ या प्रश्नाला एक उत्तर राहत नाही. एकाच नावाच्या दोन किमती दोन ठिकाणी असू शकतात.

रजिस्टर या शब्दाचे काय

सीमध्ये ‘रजिस्टर’ हा कीवर्ड आहे आणि या विषयात त्याच्याकडे पहिले बोट दाखवले जाते. पीडीपी-११ वरच्या मूळ सी कंपायलरात तो खरोखर हुकूम होता: आर२, आर३, आर४ अशी तीन रजिस्टरे अशा व्हेरिएबलांसाठी राखीव होती. चौथे मागितले तर ते गुपचूप मेमरीत जायचे. त्या काळात सोर्स वाचूनच सांगता यायचे की कोणते व्हेरिएबल मेमरीत आहे.

आज प्रमाणाच्या भाषेत ही फक्त सूचना आहे: वापर शक्य तितका जलद व्हावा, किती ते कंपायलरने ठरवावे. पक्के बंधन एकच उरले आहे. अशा व्हेरिएबलचा पत्ता ॲम्परसँड लावून घेता येत नाही. क्लँग ही सूचना -ओ० वरही मनावर घेत नाही. जीसीसी ऑप्टिमायझेशन बंद असताना तिच्याकडे लक्ष देतो, चालू असताना स्वतःचा हिशेब करतो. सी++१७ मध्ये तर हा कीवर्ड वापरातून काढूनच टाकला.

म्हणून या प्रकरणात ‘रजिस्टर’ शब्द काढून टाकणे हा इलाज नाही. आपल्या प्रोग्रामात तो मुळात नव्हताच. -ओ२ वर प्रत्येक साधे ऑटोमॅटिक (फंक्शनापुरते जगणारे) व्हेरिएबल रजिस्टर व्हेरिएबलच समजून चालावे.

प्रमाण नेमके काय म्हणते

सी९९ आणि सी११ मधल्या कलम ७.१३.२.१ चा आशय असा: लाँगजम्पनंतर सगळ्या व्हेरिएबलांच्या किमती लाँगजम्प बोलावले त्या क्षणी होत्या तशाच असतात, एक गट सोडून. त्या गटाला तीन अटी आहेत. व्हेरिएबल सेटजम्प बोलावणाऱ्या फंक्शनाचेच ऑटोमॅटिक लोकल असावे, ते व्होलाटाइल (प्रत्येक वापर मेमरीतूनच व्हावा असे सांगणारा शब्द लावलेले) नसावे आणि सेटजम्प ते लाँगजम्प या काळात त्याची किंमत बदललेली असावी. तिन्ही खऱ्या असतील तर किंमत अनिश्चित. हा नियम सी८९ पासून आहे.

‘प्रयत्न’ तिन्ही अटींत बसतो. ‘नाव’ तिसरीत बसत नाही, म्हणून सुरक्षित. ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबले पहिलीत बसत नाहीत, म्हणून तीही सुरक्षित. बोलावणाऱ्या फंक्शनाची, म्हणजे एक पातळी वरची लोकल व्हेरिएबलेही पहिल्या अटीत बसत नाहीत. दुरुस्तीत हेच कामी येणार आहे.

हेच दुखणे, दुसऱ्या रूपात

न थांबणारा प्रोग्राम निदान दिसतो तरी. जास्त त्रासदायक रूप हे:

१. बफर = नल
२. जर सेटजम्प(खूण) शून्य नसेल तर
३.     फ्री(बफर)
४.     -१ परत कर
५. बफर = मॅलॉक(आकार)
६. ओळी_वाच(बफर)
७. फ्री(बफर)
८. ० परत कर

चित्र उलगडणाऱ्या लायब्ऱ्या, लिबपीएनजी किंवा लिबजेपेग, वापरताना कोड नेमका या आकाराचा होतो, कारण त्यांची चूक कळवण्याची नेहमीची वाट सेटजम्पमधूनच जाते. ऑप्टिमायझरच्या नकाशावर ओळ ३ मधला बफर म्हणजे ओळ १ मधला नल. फ्री(नल) काहीच करत नाही, म्हणून तो कॉल काढून टाकता येतो आणि काढला जातो. प्रत्येक बिघडलेल्या चित्रामागे एक बफर गळतो. प्रोग्राम कोसळत नाही, निकालही -१ असा बरोबर येतो, फक्त दिवसागणिक मेमरी वाढत जाते. मेमरीची गळती शोधणारा लीक सॅनिटायझर ही गळती दाखवतो खरा, पण बोट ठेवतो ओळ ५ वरच्या मॅलॉकवर. सोर्समध्ये तर ओळ ३ वर फ्री समोर दिसते, त्यामुळे वाचणारा चक्रावतो.

दुरुस्ती एक: व्होलाटाइल, आणि ते कुठे लिहायचे

पहिल्या प्रोग्रामात ‘इंट प्रयत्न’च्या जागी ‘व्होलाटाइल इंट प्रयत्न’ केले की काम झाले. व्होलाटाइल म्हणजे प्रत्येक वाचन आणि प्रत्येक लेखन प्रत्यक्ष मेमरीत व्हावे. पुन्हा असेंब्ली पाहिली तर स्टॅकवर चार बाइटची जागा, तिच्यात आधी शून्य लिहिणे, ओळ ३ ला वाचून-वाढवून-लिहिणे आणि हरवलेली तीनशी तुलना, सगळे परत आलेले दिसते. खर्च मोजण्याइतकाही नाही; हे चारदोन वेळा चालणारे काम आहे.

पॉइंटर असेल तर मात्र जागा चुकवू नका. ‘व्होलाटाइल कॅर *बफर’ असे लिहिले तर पॉइंटर ज्याकडे बोट दाखवतो ते कॅर व्होलाटाइल झाले, पॉइंटर स्वतः नाही. गळती तशीच राहते, वर बफरमधला प्रत्येक बाइट मेमरीतून वाचावा लागल्याने वाचन मंदावते आणि मेमकॉपीसारख्या फंक्शनांना तो देताना कंपायलर क्वालिफायर गळाल्याची तक्रार करतो. हवे आहे ते ‘कॅर * व्होलाटाइल बफर’. व्होलाटाइल ताऱ्याच्या उजवीकडे. या घोळामुळे ‘व्होलाटाइल लावूनही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते, आणि ती लाइन पाहिली की तारा नेमका चुकीच्या बाजूला सापडतो.

पोस्टग्रे या डेटाबेसच्या सोर्समध्ये पीजी_ट्राय आणि पीजी_कॅच हे मॅक्रो सिगसेटजम्पवर (सिग्नल मास्कही साठवू शकणाऱ्या सेटजम्पवर) उभे आहेत, आणि त्यांच्या हेडरमधल्या टिपणीतच बजावले आहे की ट्राय भागात बदललेले आणि कॅच भागात वापरलेले लोकल व्हेरिएबल व्होलाटाइल हवे. लुआ भाषेच्या इंटरप्रिटरमध्येही उडीच्या नोंदीतला ‘स्टेटस’ हा इंट व्होलाटाइल आहे.

दुरुस्ती दोन: सेटजम्पला वेगळे घर

व्हेरिएबले दोन-तीनच असतील तर व्होलाटाइल पुरते. जास्त असतील, किंवा कळीच्या लूपमधली असतील, तर रचनाच बदलावी:

एकदा_वाच(नाव):
१. जर सेटजम्प(खूण) शून्य नसेल तर -१ परत कर
२. फाईल_वाच(नाव)
३. ० परत कर

भरणा(नाव):
१. प्रयत्न १ पासून ३ पर्यंत फिरव
२.     जर एकदा_वाच(नाव) शून्य असेल तर ० परत कर
३.     छाप ‘प्रयत्न’, प्रयत्न
४. -१ परत कर

सेटजम्प असलेल्या फंक्शनात आता बदलणारे एकही लोकल व्हेरिएबल नाही. ‘प्रयत्न’ वरच्या फंक्शनात आहे, तो खुशाल आरबीएक्समध्ये राहू दे. एकदा_वाच चालू असताना भरणा थांबलेले असते, त्यामुळे मधल्या काळात ती किंमत बदलण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय आता सोर्समध्ये खरा लूप आहे, म्हणजे ऑप्टिमायझरच्या नकाशावरही तो बाण आहे.

मग -ओ२ वर एकदा_वाच हे भरणामध्ये इनलाइन होऊन, म्हणजे त्याचा कोड तिथेच मिसळून, सगळे पुन्हा एकत्र येणार नाही का? नाही. जीसीसी सेटजम्प बोलावणाऱ्या फंक्शनाला इनलाइन करत नाही. क्लँगही दोनदा परतणाऱ्या कॉलचे फंक्शन साध्या फंक्शनात मिसळत नाही. आणि मुद्दा केवळ कंपायलरच्या सवयीचा नाही: इनलाइन झाले तरी ‘प्रयत्न’ हे सोर्सनुसार दुसऱ्या फंक्शनाचे व्हेरिएबल आहे, आणि त्याची किंमत राखणे कंपायलरवर बंधनकारक आहे.

मला दोघांत ही दुसरी दुरुस्ती जास्त पटते. व्होलाटाइल विसरता येते. सहा महिन्यांनी कोणी नवे लोकल व्हेरिएबल घालतो आणि तेवढ्या एका व्हेरिएबलला ते लावत नाही. तीन ओळींच्या फंक्शनात नवे व्हेरिएबल घालायला जागाच नसते.

जे इलाज वाटतात पण नाहीत

‘स्टॅटिक’ लावले तर किंमत टिकते, पण फंक्शन रिकर्सिव्ह असेल किंवा दोन थ्रेडमधून चालत असेल तर नवा घोटाळा. तसे तर ग्लोबल ‘खूण’ही अनेक थ्रेडमध्ये चालणार नाही, ती थ्रेड-लोकल करावी लागते.

‘मेमरी’ असे सांगणारा रिकामा इनलाइन असेंब्लीचा अडथळा घालण्याची सूचना वारंवार येते. त्याने फक्त बाहेरून पोहोचता येणारी मेमरी ताजी राहते. ज्याचा पत्ता कुठे बाहेर गेलेला नाही अशा लोकल व्हेरिएबलवर त्याचा काही परिणाम नाही.

व्हेरिएबलचा पत्ता दुसऱ्या फंक्शनाला दिला की चूक पळून जाते, आणि इथेच शोधकाम फसते. डीबगिंगसाठी कोणी ‘प्रयत्न’चा पत्ता छापणाऱ्या फंक्शनाला देतो, मग कंपायलरला ते मेमरीत ठेवावे लागते आणि प्रोग्राम नीट चालू लागतो. छपाई काढली की दुखणे परत. तो योगायोग आहे. प्रमाणाच्या तीन अटींत पत्त्याचा उल्लेख नाही.

जीसीसीत एकाच फंक्शनाला -ओ० लावण्याचा ॲट्रिब्यूट आहे. तो डीबगिंगपुरताच वापरा, पक्क्या कोडमध्ये नको, असे त्याचे मॅन्युअलच सांगते.

शोधायचे कसे

जीसीसीने -ओ२ आणि -डब्ल्यूएक्स्ट्रा लावून बांधावे. -डब्ल्यूएक्स्ट्रामध्ये -डब्ल्यूक्लॉबर्ड हा इशारा येतो आणि तो ‘अमुक व्हेरिएबल लाँगजम्प किंवा व्हीफोर्कमुळे बिघडू शकते’ असे सांगतो. (नवी प्रोसेस सुरू करणारे व्हीफोर्कही दोनदा परतते, म्हणून त्याचे नाव जोडीला.) ऑप्टिमायझेशन बंद असेल तर हा इशारा येत नाही. अनेक प्रोजेक्टांत इशारे -ओ० च्या बिल्डवर तपासले जातात, तिथे तो कधी दिसलेलाच नसतो. कधीकधी तो निर्दोष व्हेरिएबलवरही येतो, म्हणून तो बंद करून टाकण्याचा मोह होतो. बंद करू नका. येईल त्या प्रत्येकाला तीन अटी लावून बघा. तुमचा पक्का बिल्ड क्लँगचा असला तरी या एका इशाऱ्यासाठी जीसीसीचा बिल्ड जोडीला ठेवावा.

ॲड्रेस सॅनिटायझर आणि व्हॅलग्राइंड ही मेमरीच्या चुका शोधणारी साधने ही चूक पकडत नाहीत. वाचलेली मेमरी वैध असते, किंमतही कधीकाळी खरी असलेलीच असते. जीडीबीत ‘प्रयत्न’ छापायला सांगितले आणि ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असे उत्तर आले, तर तोच पुरावा समजावा.

मग सोर्समध्ये सेटजम्प आणि सिगसेटजम्प शोधावे. प्रत्येक ठिकाणी त्या फंक्शनातले एकेक लोकल व्हेरिएबल घेऊन विचारावे: सेटजम्पनंतर याला काही नेमले जाते का, आणि लाँगजम्पने परत आल्यावर हे वाचले जाते का. दोन्हींना ‘हो’ आले तर ते व्होलाटाइल हवे किंवा फंक्शनाबाहेर हवे. परतीची किंमत धरणारे व्हेरिएबलही यातून सुटत नाही. उलट ‘इंट आर = सेटजम्प(खूण)’ ही रचना तर प्रमाणाच्या परवानगीच्या यादीतच नाही. सेटजम्प इफ, स्विच किंवा लूपच्या अटीत एकटे, उद्गारचिन्हासह, स्थिर पूर्णांकाशी तुलनेत, किंवा स्वतंत्र विधान म्हणूनच लिहिता येते. किंमत वेगवेगळी हाताळायची असेल तर ‘स्विच (सेटजम्प(खूण))’ हा रस्ता मोकळा आहे. लाँगजम्पला चुकून ० दिले तरी सेटजम्प १ देऊन परतते, तेव्हा केस ० ही कायम पहिल्या वेळेचीच.

शेवटी चाचणी. या प्रकरणात खराब हेडरची एकच फाईल पुरे: -ओ०, -ओ१ आणि -ओ२, क्लँग आणि जीसीसी, असे सहा बिल्ड करावेत, प्रत्येकाला पाच सेकंदांची मुदत द्यावी आणि छापलेल्या ओळी १, २, ३ आहेत का ते पाहावे. ‘कमाल’ची आवृत्ती तपासताना किंमत किमान ३ ठेवावी.